हेमलीला आणायला कोण जाणार

ऐका. लाइट गेलीच आहे तर ऐका. आली की थांबू, कारण उजेडात ही गोष्ट मला सांगता येत नाही. अंधारात तरी नीट सांगता येते की नाही, शंकाच आहे. पण तुम्ही रोज मागे लागता, ‘दादा, खिंडीतली सांगा, खिंडीतली सांगा’. म्हणून सांगतो. गोधड्या ओढून घ्या. दाराकडं पाठ करून कुणी बसू नका. का ते विचारू नका.

आणि हळू बोला. आत सुगणा भाकरी थापतेय. गोष्ट तिचीच आहे, आणि तिचं म्हणणं असं की मी वाढवून सांगतो. असेल. जन्मभर कॉलेजात शिकवलं, एका वाक्याची चार करायची सवय लागते. कुठं जास्त झालं तर ती आतून बोलेलच.

तर कोजागिरी होऊन गेली होती. चंद्र उशिरा उगवायचे दिवस. सुगणा हिंगणफाट्यावर एसटीतून उतरली तेव्हा रात्र चांगली पडली होती. गाडी धुरळा उडवत निघून गेली, आणि फाट्यावर उरली ती सुगणा, गुलाबभाईची चहाची टपरी आणि एक कुत्रं.

तेव्हा हे वसतिगृह नव्हतं बरं का. शाळा होती, पण नावाला. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा. कोयते, भांडी, कोंबड्या, शेळी, लेकरं, सगळं वर चढायचं आणि तांडा ऊस तोडायला कारखान्यावर जायचा. मागं राहायची म्हातारी माणसं. होळीनंतर ट्रक परत यायचा, तोवर शाळेच्या फळ्यावर दसऱ्याच्या आधीची तारीख तशीच असायची. पुसायलासुद्धा कुणी नसायचं.

सुगणा त्या दिवशी तालुक्याला गेली होती ती याच कामासाठी. आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरांना तांड्यातच ठेवायचं, दोन वेळचं जेवण द्यायचं, शाळेत बसवायचं, असं वसतिगृह मिळतं, हे तिला कळलं होतं. पाऊस उघडल्यापासून ती हेलपाटे घालत होती. त्या दिवशी सकाळपासून कचेरीतल्या बाकावर बसली. संध्याकाळी साहेब आले आणि म्हणाले, “झालं तुमचं काम. पण बाई, लेकरं तांड्यात असतील तर वसतिगृह. लेकरंच ट्रकमध्ये गेली, तर मी चालवू कुणासाठी?”

आणि ट्रक दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघणार होता.

त्या ट्रकमध्ये तिचा भाऊ हरसिंग जाणार होता, वहिनी लछमी जाणार होती, त्यांचं तान्हं जाणार होतं, आणि तान्ह्याला सांभाळायला जाणार होती जमनी. हरसिंगची मोठी लेक. एवढीशी. आईबाप उसाच्या फडात, ही बांधावर तान्ह्याला कडेवर घेऊन. होळीपर्यंत.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा. आपल्या तांड्यात तेव्हा रेंज यायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. आणि रात्रीचं टाकीवर कोण चढून बसणार? सुगणानं फोन लावून पाहिला. लागला नाही. तिनं ओढणी कमरेला खोचली, गुलाबभाईकडून पाण्याची बाटली भरून घेतली आणि निघाली.

“सडकेनं जातीस ना?” गुलाबभाईनं विचारलं.

“सडकेनं गेले तर उजाडेल भाई. डोंगराला पूर्ण वळसा आहे. खिंडीतून जाते.”

गुलाबभाईनं गाळणी खाली ठेवली. “खिंडीतून नको, बाई. सकाळी दुधाची गाडी येते, तिच्यात बसवून देतो. रात्री टपरीत झोप, माझी म्हातारी आहे सोबतीला.”

“सकाळी ट्रक गेलेला असेल.”

“जाईना का. होळीला येतोच आहे परत.”

“जमनी चौथीत आहे, भाई,” सुगणा म्हणाली. “मागच्या वर्षीही चौथीतच होती.”

गुलाबभाईनं बरणी उघडली. एक पार्ले बिस्किटाचा पुडा तेवढा तिच्या पिशवीत टाकला.

आता खिंडीत काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक कुणालाच नव्हतं, ऐकलेलं सगळ्यांनी होतं. परसराम बँडवाला एका लग्नाहून त्या वाटेनं येत होता, तर मागून एक बाई रडत आली आणि त्याच्या गळ्यात पडायला धावली. परसराम जो पळाला तो थेट तांड्यात, आणि त्याचा ढोल राहिला तिथंच खिंडीत. तो आणायला दिवसाउजेडीसुद्धा कुणी गेलं नाही. त्या वर्षी आपल्या होळीत ढोल नव्हता, पत्र्याच्या डब्यावर लेंगीची गाणी म्हटली आपण. म्हणजे तांड्याचं नुकसान झालं ते असं. एक मेंढपाळ म्हणायचा, बाई नाहीच, नुसता आवाज आहे. दुसरा म्हणायचा, आवाज नाही, नुसती बाई आहे. मी विचार करायचो, दोघांपैकी एक तरी खोटं बोलत असणार. आता म्हातारपणी वाटतं, दोघंही खरं बोलत असतील. मला सांगता येत नाही.

ऐका.

सुगणा नाल्यापर्यंत आली तोवर काही नव्हतं. रातकिडे, कुसळाचं गवत, पायाखालचे खडे. नाला ओलांडला आणि मागं आवाज आला. बलियांचा, दंडातल्या बांगड्यांचा. दंडभर घातलेल्या बलिया चालताना एकमेकींवर घासतात ना, तसा. खर्र, खर्र. सुगणा थांबली. आवाज थांबला. सुगणा चालली. आवाज चालला.

तिनं मनाशी म्हटलं, तांड्यातलीच कुणी म्हातारी असेल, फाट्याला गेली असेल, उशीर झाला असेल. म्हणून मागं वळून पाहावंसं वाटलं. पाहिलं नाही. रात्रीच्या वाटेवर मागं पाहायचं नाही, हे तिला तिच्या आजीनं सांगितलं होतं, आणि बीए झाली तरी आजीचं सांगणं मानेत राहतंच.

मग वास आला. कसला असेल? सांगा बरं. फुलांचा? नाही. जळल्याचा? जवळ आलात. उसाचा वास. तोडलेल्या उसाचा गोड, आंबूस वास, आणि त्यात जळक्या पाचटाचा धूर. आता मला सांगा, आपल्या या डोंगरात ऊस? इथं पिण्याला पाणी नाही. इथं हिवर आणि बोरी कशाबशा जगतात. सुगणा लहानपणी आईबापाबरोबर पाच-सहा हंगाम फडावर राहिलेली, तो वास तिला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. तिनं तो ओळखला. पण पाय थांबले नाहीत.

पुढं वाट अरुंद झाली. दोन्ही बाजूंनी काही तरी सळसळायला लागलं. ती म्हणाली, वारा असेल. वारा नव्हता. काही तरी गालाला लागलं आणि गाल चरचरला. हात लावून पाहिलं तर बोटाला ओलं. उसाचं पान गालाला लागलं की असंच कापतं. डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस, डोक्यावर ऊस. वाट कुठली, ती सरी होती. खिंडीची वाट गेली कुठं?

काय केलं असतं तुम्ही?

पळाला असतात. मीही पळालो असतो, आणि माझे गुडघे असे. पण सुगणाच्या मनात एकच, की खिंड वर आहे आणि तांडा तिच्या पलीकडं, तेव्हा चढ लागला पाहिजे. पायाला चढ लागतो तोवर मी बरोबर आहे. डोळ्यांना ऊस दिसू दे नाहीतर समुद्र दिसू दे. ती डोळे मिटून चालायला लागली. तिला भीती वाटलीच नाही—

“वाटली होती,” सुगणा आतून म्हणाली. “खरं सांगा दादा. दात वाजत होते.”

ऐकलंत? दात वाजत होते. तसे दात वाजवत, डोळे मिटून ती चढली. आणि तेवढ्यात हाक आली.

“आत्या.”

जमनीचा आवाज. हुबेहूब. झोपेतून उठल्यावर जमनीचा आवाज जरा घोगरा व्हायचा, तसा घोगरासुद्धा.

“आत्या, ट्रक गेला. मी उतरले. इकडं ये.”

आवाज डावीकडून, खाली दरीकडून. सुगणाचा एक पाय तिकडं वळला होता. वळणारच. ज्या लेकरासाठी एवढं चाललंय ते लेकरू अंधारात हाक मारतंय. पण तिला बाळाचं रडणं ऐकू आलं नाही. जमनी कधी एकटी नसायचीच. वर्षभर कडेवर तान्हं. बाळाशिवाय जमनी म्हणजे जमनी नव्हे. सुगणानं पाय मागं घेतला. आणि त्या पायाखालचा धोंडा सुटून खाली गेला. बराच वेळ त्याचा आवाज येत राहिला.

ऊस नाहीसा झाला. चंद्र उगवत होता. समोर खिंडीचं तोंड, आणि तोंडात एक मोठा दगड आहे ना, चपटा, त्याच्यावर ती बसली होती.

आपल्या जुन्या बायकांचा घागरा-चोळीचा वेश, फेटिया, काचळी, डोक्यावरून फडकी. फडकीवरचे आरसे चंद्राच्या उजेडात लुकलुकत होते. तोंड झाकलेलं. सुगणाला पाहिल्यावर ती उठली. ओरडली नाही, धावली नाही. दोन्ही हात पुढं करून सरळ आली आणि सुगणाच्या गळ्यात पडून रडायला लागली.

“याडीऽऽ ये… म्हारी याडीऽऽ ये…”

आता इथं जरा थांबतो. या आपल्या नव्या बाई लातूरकडच्या आहेत, त्यांना कळायला हवं. बाई, याडी म्हणजे आई, मायेनं लेकीलाही म्हणतात. आमच्यात बायका खूप दिवसांनी भेटल्या की आधी बोलत नाहीत. आधी रडतात. एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून, सुरात. त्या रडण्यात सगळी ख्यालीखुशाली असते. कोण गेलं, कुणाला लेकरू झालं, कुणाचा बैल मेला. पोरं परत आली की वेशीवर आधी हे रडणं, मग घर. ज्याला असं रडून आत घेतलं नाही तो तांड्यात आला, असं आम्ही मानत नाही. आणि याचा एक नियम आहे. रडायला कुणीही सुरुवात करावी, पण संपवायचं थोरलीनं. थोरली धाकटीचे डोळे पुसते, तिला पाणी पाजते, ‘बस आता’ म्हणते, तेव्हा संपतं. धाकटीनं मध्येच गळा सोडायचा नाही. सोडला तर तो मेल्या माणसाचा अपमान.

तर चूक काय झाली? हीच झाली. परसराम पुरुष होता, पळाला. सुगणा बाई होती. कुणी गळ्यात पडलं की हात आपोआप तिच्या पाठीवर जातो. तिचा गेला. आणि तोंडातून सूर निघाला. अडवायच्या आत निघाला. ती रडायला लागली. बाप गेला ते रडली. हरसिंग ट्रकवर चालला ते रडली. जमनीची पाटी कोरी राहिली ते रडली. सकाळपासून बाकावर बसून जे गिळलं होतं, ते सगळं त्या खांद्यावर सांडलं.

ती रडली की दुसरीनं उत्तर द्यायचं असतं. दुसरी उत्तर देत होती, पण एकच. “मला आणायला कुणी आलं नाही ये… मला आणायला कुणी आलं नाही…” पुन्हा तेच. पुन्हा तेच. आणि गळ्यातले हात जड व्हायला लागले. आधी लेकराएवढे. मग भरल्या घागरीएवढे. मग उसाच्या मोळीएवढे. सुगणाची मान वाकली, गुडघे वाकले. थोरली थांबवेना. धाकटीला थांबवता येईना. चंद्र वर चढत चालला. आणि सुगणाला दिसायला लागलं की हे रडणं संपणारच नाही. ही मला मारणार नाही, नुसती धरून ठेवणार. उजाडेपर्यंत. आणि उजाडेल तेव्हा खाली सडकेवर ट्रकचा हॉर्न वाजेल.

तेव्हा तिनं ओळखलं, ही कोण.

हेमली होती ती. थावरी याडीची लेक. हो, तीच थावरी, जिच्या ओट्यावर तुम्ही बोरं खाता. सुगणा लहान असताना हेमली तिची वेणी घालून द्यायची, ओढून ओढून, डोळे तिरपे होईपर्यंत. लग्न झालं, त्याच वर्षी ती नवऱ्याबरोबर फडावर गेली. बाळंतपण तिथंच पाचटाच्या कोपीत आलं. ना ती राहिली ना बाळ. सगळं तिकडंच नदीच्या कडेला उरकलं. तांड्यात कळलं ते मुकादमाच्या फोनवरून, टाकीवर चढलेल्या कुणाला तरी. होळीनंतर ट्रक आला तेव्हा वेशीवर सगळ्या आयांनी आपापल्या लेकींना गळ्याशी धरलं. थावरी बाजूला उभी राहिली. रडायला कुणाच्या खांद्यावर रडणार? आलंच नव्हतं कुणी. म्हणून ती रडलीच नाही. घरी जाऊन तिनं चूल सारवली.

आणि हेमली आली होती. उशिरा, चालत, एवढ्या लांबून, खिंडीपर्यंत आली. पण आत घ्यायला कुणी नाही, तर आत कशी येणार?

सुगणाला हे सगळं कळलं, पण त्यानं मान सुटेना. कळल्यानं काय होतं? मला तरी कळून फार काही सुटलेलं नाही. ती गुडघ्यावर आली. हेमली थोरली, मी धाकटी, हे मनात घट्ट. हेमली वेणी घालणारी, मी घालून घेणारी. मग तिच्या हाताला गळ्यातल्या हाताचं मनगट लागलं. बारीक. कोवळं. लग्नाला वर्ष न झालेल्या पोरीचं मनगट.

आणि तिला सुचलं. घाबरलेल्या माणसाला सुचत नाही, पण तिला सुचलं. हेमली गेली तेव्हा केवढी होती? एकोणीस. आणि मी आता केवढी? चोवीस. हेमली तेवढीच राहिली. मी मोठी झाले.

थोरली मी आहे.

सुगणानं मान वर केली. रडणं थांबवलं. खिंडीतल्या त्या पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओढणीच्या पदरानं तिचे डोळे पुसले. फडकीखाली काय दिसलं, ते सुगणानं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तिनं बाटलीचं झाकण काढलं. “पी,” म्हणाली. “बस आता हेमली. रो मत. झालं.”

हेमलीनं बाटली तोंडाला लावली. सुगणाला पाणी गटगट जाताना ऐकू आलं. आणि खाली वाटेवरही ओलं होत होतं. दोन्ही खरं. तेवढ्यात हात हलके झाले. मोळीचे घागरीएवढे, घागरीचे लेकराएवढे.

“किती वर्षांनी कुणी पाणी दिलं,” हेमली म्हणाली. साध्या आवाजात, तिच्या स्वतःच्या. मग म्हणाली, “मी येऊ?”

“मी तुझ्या याडीला सांगते. ती येईल वेशीवर.”

“नक्की?”

“नक्की. तू वेशीवर थांब.”

आणि समोर कुणी नव्हतं. नुसतं ओलं.

पूर्वेला फटफटलं होतं. खालून हॉर्न ऐकू आला.

सुगणा पळाली. खिंडीतून तांड्यापर्यंतचा उतार तुम्हाला माहीत आहे, दिवसा जपून उतरतो आपण. चप्पल एकीकडं, बिस्किटाचा पुडा एकीकडं. हॉर्न पुन्हा वाजला. मग पुन्हा. तिला वाटलं, गेला. गेला ट्रक. पण हॉर्न वाजतच होता, आणि पुढं सरकत नव्हता.

वेशीवर आली तर ट्रक उभा. वर माणसं, कोयते, कोंबड्या, सगळं भरलेलं. इंजिन चालू. ड्रायव्हर परमुलखातला, स्टिअरिंगला धरून बसलेला, घामानं भिजलेला.

फुलसिंग मुकादम खाली उभा राहून त्याच्यावर खेकसत होता. “अरे चल ना बाबा. पुढं कोण आहे? रस्ता मोकळा आहे.”

“बाई बसलीय,” ड्रायव्हर म्हणाला. “आरशांची ओढणी घेतलेली. तुम्ही तिला उठवा, मग चलतो. मी माणसाच्या अंगावर गाडी घालत नसतो.”

“रात्री किती घेतली होतीस?”

“तुमच्या आईची शपथ, चहासुद्धा नाही.”

सुगणा ट्रकच्या फळीला धरून उभी राहिली. दम लागलेला. वरून हरसिंग म्हणाला, “आलीस? आम्हाला वाटलं तालुक्यालाच राहिलीस. गालाला काय झालं?”

“वसतिगृह मिळालं,” ती म्हणाली. “लेकरं उतरवा. जेवण, शाळा, सगळं इथंच. मी बघेन. जमनीला उतरव, भिया.”

ट्रकवर गलका झाला. कुणी म्हणालं बरं झालं, कुणी म्हणालं आत्ता सांगतेस होय, सगळं बांधून झाल्यावर? लछमी वहिनी मात्र जमनीचा हात धरून बसलेली. “उतरवते. मग फडात याला कोण बघेल? कोयता चालवू की याला पाजू? तुझी शाळा येणार आहे का फडात झोळीला झोका द्यायला?”

   या प्रश्नाचं उत्तर मी बऱ्याच पुस्तकांत शोधलं आहे.

तेव्हा सुगणा वळली. वेशीवर म्हातारी माणसं निरोप द्यायला उभी होती, त्यांत थावरी. सुगणा तिच्याजवळ गेली आणि हळू म्हणाली, “थावरी याडी, हेमली आलीय. रस्त्यात बसलीय ती हेमली आहे. तू आणायला ये, म्हणून थांबलीय.”

कुणी हसलं नाही. इंजिनाचा आवाज तेवढा. ड्रायव्हरनं तोही बंद केला.

थावरीनं निरोपासाठी आणलेला पाण्याचा तांब्या उचलला. ट्रकच्या पुढं गेली. मोकळ्या रस्त्यात, धुळीत बसली. दोन्ही हात पुढं केले, जसे लेकीच्या गळ्यात टाकतात तसे, आणि हवेत अडकल्यासारखे ते तिथं थांबले. मग ती रडायला लागली. इतक्या वर्षांचं. “हेमलीऽऽ ये…” आणि त्या रडण्यात तिनं सगळी ख्यालीखुशाली सांगितली, लेकीला सांगतात तशी. शेळी व्याली ते सांगितलं. बाप गेला ते सांगितलं. आणि सांगितलं, “जमनीएवढी होतीस ये. भावाचं बाळ सांभाळायला तुला पहिल्यांदा मीच चढवलं ये या ट्रकात. तेव्हापासून उतरलीसच नाही ये…”

ट्रकवरून एक बाई उतरली. मग दुसरी. मग सगळ्या उतरल्या. धुळीत बसल्या, थावरीच्या भोवती. पुरुष वरच बसून राहिले, एकमेकांकडं न पाहता. फुलसिंग मुकादम हातातली बिडी पेटवायला विसरला. सूर्य वर आला तरी कुणी घाई केली नाही.

शेवटी थावरीनं पदरानं पुसलं, म्हणजे हवाच पुसली. तांब्यातलं पाणी धुळीवर ओतलं. “बस याडी,” म्हणाली. “चल घरी.” आणि उठली. एक हात जरा बाजूला धरून चालत गेली, कुणाला आधार दिल्यासारखा.

“गेली,” ड्रायव्हर म्हणाला.

लछमी वहिनी फळीजवळ आली. डोळे सुजलेले. ट्रकवर जमनी तान्ह्याला घेऊन तशीच बसली होती, कारण तिला कुणी उतर म्हटलं नव्हतं. वहिनीनं हात वर करून तान्ह्याला घेतलं. ओटीशी बांधलं. आणि जमनीला म्हणाली, “उतर.”

एवढंच. मग एकेका घरचं लेकरू उतरायला लागलं.

झाली गोष्ट.

काय रे? नाही, जमनी आता चौथीत नाही. ती कुठं आहे ते तिलाच विचारा, सुट्टीला आली की. तिनं त्या खिंडीतला परसरामचा ढोल मागच्या वर्षी उचलून आणला, कातडं फाटलेलं होतं, कड्या चांगल्या होत्या. हरसिंग आणि लछमी अजून जातात फडावर. तुमचे आईबापही गेलेत. ते मला आवडतं असं नाही. या तांड्याचं पुढं काय, असं तुमच्या बाई मला परवा विचारत होत्या, आणि मी तासभर बोललो, आणि रात्री अंथरुणावर लक्षात आलं की उत्तर दिलंच नाही.

भूत असतं का, हेही विचारू नका. मी ते पाहिलेलं नाही. खिंडीतला दगड पाहिलाय. पण सांगून ठेवतो, नीट ऐका. त्या वाटेनं रात्री जायचं नाही. सडकेनं या, उशीर झाला तरी चालेल, फाट्यावर गुलाबभाईकडं झोपा. चुकून गेलातच, तर जवळ पाणी असू द्या, आणि कुणी गळ्यात पडलं तर पळू नका. आणि होळीनंतर ट्रक येईल ना, तेव्हा मोठी-लहान सगळ्यांनी वेशीवर जायचं. मोजायचं नाही, नुसतं बघायचं, कुणी बाजूला एकटं उभं तर नाही. असलं तर त्याच्याकडं आधी जायचं.

“दादा,” सुगणा दारात आली होती, हाताला पीठ, “आता पुरे. पोरं झोपायची नाहीत.”

“काही जास्त झालं का गं?”

तिनं हातावरचं पीठ झटकलं. “बिस्किटाचा पुडा मी टाकला नव्हता,” म्हणाली. “दगडावर ठेवला होता. तिला.”

बघा. हे मला आज कळतंय.

चला, उठा. भाकऱ्या गार होतील. आणि त्या कोपऱ्यातल्या नव्या पोराला मध्ये घ्या. कालच आलाय, अजून कुणाशी बोललेला नाही.